पाय दाखवा, पाय!

अहो, ऐकलंत का? काल हॉलमध्ये काय झालं ते? या ना जरा अशा, जास्वंदीच्या आडोशाला. इथनं सेक्रेटरींच्या बाल्कनीत आवाज जात नाही. हां.

ते गणपतीतलं ड्रॉइंगचं चॅलेंज हो. यंदा विषय काल्पनिक प्राणी, आणि अट एकच, प्राणी आख्खा पाहिजे. डोक्यापासून शेपटापर्यंत, सगळे पाय दिसतील असा. फुल बॉडी! ही अट घातली कुणी, माहीत आहे ना? तीन नंबरवाल्या ताईंची भाची, अप्लाइड आर्ट करतेय ती. आता गेल्या वर्षी आपल्या लोकांनी काय काढलं होतं, आठवा. ढगातून डोकावणारा ड्रॅगन, झाडाआडून बघणारा शिंगवाला सिंह... नुसती मुंडकी. त्या पोरीनं मीटिंगमध्ये सरळच सांगितलं, "काकू, तोंड सगळ्यांना जमतं. मला पाय बघायचेत." त्यावर जी शांतता पसरली म्हणता! सहा नंबरवाल्या, ज्या उठता-बसता इंटरमीजिएटच्या ए ग्रेडचं सांगतात, त्या एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

आणि चित्रं आली तेव्हा तर... अहो, निम्म्या प्राण्यांच्या पायाशी गुडघाभर गवत! एक बर्फात रुतलेला, एक धुक्यात उभा. भाची एकेक कागद उचलते आणि म्हणते, "गवत कापलं की परत आणून द्या." तोंडावर! मी पदर तोंडाला लावला हो, काय करणार.

तर काय सांगत होते... हां, पाय. मग तिनं वॉचमनच्या मोत्याला बोलावलं. बिस्किट दिलं, मागची तंगडी हातात धरली आणि आपल्या सगळ्या बायकांना विचारलं, "ह्याचा गुडघा कुठाय?" आम्ही आपलं ते मागं वाकलेलं कोपर दाखवलं. तर म्हणे, चूक, ती टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ, कातडीत दडलेला. कुत्री-मांजरं सगळी चवड्यांवर चालतात, टाच जमिनीला लागतच नाही. आणि घोडा तर म्हणे एकेका पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, खूर म्हणजे त्या बोटाचं नख! बाई बाई, आणि आपण लग्नात दोन तास हील घातली की पाय धरून बसतो. म्हणूनच चित्रातला लांडगा कवायतीतल्या शिपायासारखा दिसतो, कारण आपण त्याला माणसाचे पाय लावतो, असं ती म्हणाली. मोत्या मात्र खूश. चार बिस्किटं झाली त्याची.

मग सहा नंबरवाल्यांचा पंखवाला घोडा आला. रंगकाम सुरेख, नाव ठेवायला जागा नाही. पण पंख फुटलेत मानेतनं! भाचीनं किती गोड समजावलं हो. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो, त्याला खांदा लागतो, तो फडफडवायला छातीत जाड स्नायू लागतात. चार पाय ठेवून वर पंख द्यायचे असतील तर पुढच्या खांद्यामागे आणखी एक खांदा मनात धरायचा आणि छाती रुंद काढायची, मग बघणाऱ्याला खरं वाटतं. ह्या ऐकतायत थोड्याच! "उच्चैःश्रव्याला कुठं होता दुसरा खांदा?" असं ठसक्यात विचारलं. तर कोपऱ्यातले निवृत्त ड्रॉइंगमास्तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "त्याला सात तोंडं होती. आधी ती काढा." हॉल खदखदला. त्या चहा न घेता गेल्या.

आणि आपल्या पुरीच्या वहिनी, चार शब्द बोलत नाहीत कधी, त्यांनी काय आणलं ठाऊक आहे? नवगुंजर. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप. आणि पाय बघा, एक हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा. चौथा पायच नाही, तिथं माणसाचा हात, फूल धरून वर केलेला. सेक्रेटरीबाई पटकन म्हणाल्या, "अगंबाई, तीनच पाय? अट वाचली नाही वाटतं." वहिनींनी शांतपणे सांगितलं, पंधराव्या शतकातल्या सारळा दासांच्या ओडिया महाभारतातली गोष्ट आहे. कृष्ण हे रूप घेऊन अर्जुनापुढं आला, अर्जुनानं धनुष्य उचललं, आणि मग तो हात, ते फूल बघितल्यावर ओळख पटली नि धनुष्य खाली ठेवलं. जगन्नाथाच्या देवळावरच्या नीलचक्रावरसुद्धा नवगुंजर कोरलेत म्हणे. सेक्रेटरीबाईंचा चेहरा... जाऊ दे, त्यांच्या चेहऱ्याला अजून पुढं बरंच सोसायचं होतं.

कारण मग आलं त्यांच्या चिरंजीवांचं चित्र. इंजिनिअरिंगवाल्या. ग्लॉसी प्रिंट, फ्रेमसकट! निळसर वाघ, मोराचा पिसारा, अंगावर चांदणं... सगळे आ वासून बघतायत. सेक्रेटरी तर मोबाईल काढून ग्रुपवर टाकायच्या तयारीत. तेवढ्यात मास्तर उठले. चष्मा पुसला. जवळ गेले आणि बोट लावून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार... आणि पाच.

पाच हो! पोटाच्या मधोमध एक जादाचा पाय, कुठल्याच खांद्याला न जोडलेला.

सेक्रेटरी लगेच म्हणाले, "फँटसी आहे ती मास्तर! शरभाला तर आठ पाय असतात." मास्तर म्हणाले, "असतात, पुराणात. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवरच्या शरभाला चारच. जंजिऱ्याला जाऊन बघा, पंज्यांत हत्ती दाबून धरलेत, पण कुठला पंजा कुठल्या खांद्याचा हे दगडातसुद्धा कळतं. पाच असू देत, पन्नास असू देत. हा पाचवा निघालाय कुठून, तेवढं सांगा."

आता आठवीतली ती दोन नंबरची मुलगी, निरागसपणे बोलली की मुद्दाम, देव जाणे. तिनं आपला आयपॅड पुढं केला. "दादा, तू पण प्रोक्रिएटवरच काढलंस ना? त्यात टाइमलॅप्स आपोआप रेकॉर्ड होतो. दाखव ना." आणि स्वतःचा लावला. पहिली वाकडी रेघ, मग पाठीचा बाक, मग गोल-गोल सांगाडा, चारदा खोडलेला मागचा पाय, सगळं भराभर पडद्यावर. दादा म्हणाला, फाइल करप्ट झाली. मग म्हणाला, लेयर्स डिलीट झाल्या. मग म्हणाला, मित्राच्या लॅपटॉपवर होतं. सेक्रेटरींनी मोबाईल खिशात घातला. आणि बाईंचा चेहरा म्हणाल तर उकड फसल्यावर हातात येणाऱ्या मोदकासारखा!

एआयनं काढलेलं, दुसरं काय. मला त्याचं इतकं वाईट नाही वाटलं, पण वर फ्रेम करायची? आणि ए-थ्री साइझ!

तर काय सांगत होते... पहिलं बक्षीस त्या दोन नंबरच्या मुलीला. शेकरू काढलंय तिनं, पण तोंडाला धनेशाची ही एवढी चोच. भीमाशंकरला गेले होते ना ते लोक मे महिन्यात, तिथनं डोक्यात बसलं असणार. डोकं खाली करून खोडावरनं उतरतंय आणि मागचे पंजे उलटे फिरवून साल पकडलीय. मास्तर म्हणाले, खार खरंच असे घोटे फिरवते. पोरीनं पेरूच्या झाडावरच्या खारींचे व्हिडिओ काढून, थांबवून थांबवून बघितलं होतं म्हणे. एकही पाय लपवलेला नाही. नखं मोजून घ्या.

नवगुंजराला बक्षीस नाही दिलं, चॅलेंज स्वतःच्या डोक्यातल्या प्राण्याचं होतं म्हणून. नियम म्हणून ठीक आहे, पण मला विचाराल तर चुकलंच. नऊ जीव एका अंगात शिवायचे आणि शिवण कुठं दिसू द्यायची नाही, हे काय सोपं आहे? निदान दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलंय, तेवढं मास्तरांनी भांडून करून घेतलं.

सगळी चित्रं अनंत चतुर्दशीपर्यंत हॉलमध्येच आहेत. पाच पायांचा वाघही आहे, सेक्रेटरींना तो काढून न्यायलाही लाज वाटतेय. संध्याकाळी आरतीआधी जाऊन या. आणि हे मी सांगितलं असं कुठं बोलू नका हं, दूध ठेवलंय गॅसवर, येते मी.