लोखंडी कपाटास अनावृत पत्र

प्रति,
मा. लोखंडी कपाट,
अभिलेख कक्ष, कोणतेही सरकारी कार्यालय

विषय : आपली किल्ली सापडणेबाबत

महोदय,

भिवंडीच्या खाडीकाठी आमच्या कशेळी गावात गोदामे चिक्कार. पण आमच्याकडे आज उतरलेला माल उद्या टेम्पोत चढतो. आपल्या पोटात गेलेला कागद तिथेच मुरतो. साठवणुकीतले खरे वस्ताद आपणच!

खाडीकाठी तिवरांच्या बुंध्याशी डेब्रिज पडलेले आम्हाला दिसते. ते कोणाच्या परवानगीने पडले, पंचनामा झाला का, हे मात्र फक्त आपल्याला ठाऊक. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनांची नासधूस म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला, असे बजावले. तो निकालही आपण जपून ठेवला असेलच.

आपला संयम थोर. 1974 च्या जल अधिनियमाचे कलम 25(6) सांगते की, सांडपाणी सोडायला कोणत्या अटींवर संमती दिली याची नोंदवही प्रदूषण मंडळाने ठेवावी आणि ज्याला त्या पाण्याची झळ बसते त्याला ती पाहू द्यावी. माहिती अधिकार कायदा आला त्यानंतर 31 वर्षांनी. त्याचे कलम 4 तर म्हणते, लोकांना कमीत कमी अर्ज करावे लागतील इतकी माहिती स्वतःहून जाहीर करा. आपण मुळातच अबोल, त्याला कायदा तरी काय करणार?

दिल्लीतले आपले थोरले बंधूही असेच. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाट अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सादर झाला आणि त्यांनी तो कुशीत घेतला. माहिती आयुक्त शैलेश गांधींनी तो खुला करायला सांगितले, तर पर्यावरण मंत्रालय हायकोर्टात गेले. तिथे हरल्यावर, मे 2012 मध्ये, अहवाल लोकांना वाचायला मिळाला. आभाळ काही कोसळले नाही. तेव्हा आपणही दार किलकिले करायला हरकत नसावी.

आपला नम्र,
एक कशेळीकर

प्रत : भिवंडीच्या खाडीकाठचे समस्त ग्रामस्थ, माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी.
माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. ‘कशाला हवी माहिती?’ असे विचारले तर त्याच कायद्याचे कलम 6(2) दाखवा. कारण सांगायचे बंधन नाही. नुसत्या नकला नकोत, अभिलेखाची पाहणीच मागा. पहिल्या तासाला फी नाही. जाताना दोघे-चौघे मिळून जा.