मूळ ग्रुप कुणाचा?

महाराष्ट्रात पक्ष फुटायला एक रात्र लागते. घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटायला एक फॉरवर्ड पुरतो. आमचा फुटला २०१९ च्या नोव्हेंबरात, पहाटेच्या शपथविधीच्या निमित्ताने. (सकाळी आठच्या सुमारास झालेल्या समारंभाला अख्खा महाराष्ट्र ‘पहाटेचा’ म्हणतो, यावरून आपण शनिवारी कधी उठतो ते कळतं.) २३ तारखेला दारात पडलेली वर्तमानपत्रं उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार म्हणत होती आणि टीव्हीवर देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते. नानाकाकांनी ग्रुपवर पेढ्यांचं चित्र टाकलं. चौथ्या दिवशी ते सरकार गेलं, २८ ला शिवाजी पार्कवर दुसरं आलं, तेव्हा बाणेरच्या पुतण्याने तेच पेढे काकांना परत पाठवले. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे.

अबोला म्हणजे तोंडाचा. बोटांचा नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर दुसऱ्याची सही दोनदा ताडून पाहिलेला माणूस. पण फोनवर ‘एका निवृत्त न्यायाधीशांचे परखड मत, शेवटपर्यंत वाचा’ असं आलं की त्या न्यायाधीशांचं नावसुद्धा विचारत नाहीत. फार वेळा पुढे गेलेल्या मजकुरावर व्हॉट्सॲप दुहेरी बाण दाखवतं, ते खरं तर सावध करायला. काकांना तो सोन्यावरच्या हॉलमार्कसारखा वाटतो. इतक्या जणांनी पाठवलंय, म्हणजे तपासूनच पाठवलं असणार. असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा २०२० च्या एप्रिलमध्ये आली. काकांना रिकामा वेळ भरपूर. ते एकेक करून पाठवतात.

पुतण्या काही कमी नाही. तो काकांना ‘फॅक्ट चेक’ची लिंक पाठवतो, जी कुणी उघडत नाही, आणि मागोमाग ‘बोलती बंद’ अशा मथळ्याचा लांबलचक व्हिडिओ, जो त्याने स्वतःही पुरता पाहिलेला नसतो. काकांच्या लेखी तो फुरोगामी, त्याच्या लेखी काका अंधभक्त. काकू दोघांच्याही पोस्टला हात जोडल्याचं चिन्ह टाकतात. कुणाच्या निधनाच्या बातमीलाही तेच टाकतात, त्यामुळे त्यांचा नेमका पक्ष कोणता हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

शेवटी ॲडमिन असलेल्या वहिनींनी ‘कृपया राजकारण नको’ असं लिहिलं. त्यावर ‘हेही राजकारणच’ असं उत्तर आलं आणि निम्मे लोक बाहेर पडले. आता दोन ग्रुप आहेत. दोन्हींचं नाव एकच, दोन्हींच्या डीपीत कुलदैवत एकच. शिवसेनेचं नाव नि धनुष्यबाण निवडणूक आयोगाने २०२३ च्या फेब्रुवारीत शिंदे गटाला दिलं, पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवार गटाला. आमच्याकडे आयोग नाही. दोन्हीकडचे आपणच मूळ म्हणतात आणि खंडोबा दोन्हीकडे तितक्याच शांतपणे घोड्यावर बसलेला आहे.

गंमत अशी की ज्यांच्यावरून हे सगळं झालं ते एका जागी थांबलेच नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, (‘काय झाडी, काय डोंगार’वर मात्र दोन्ही ग्रुप एकाच दिवशी खळखळून हसले) आणि २ जुलै २०२३ च्या रविवारी अजित पवार शिंदे-फडणवीसांच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. ज्यांच्याविरुद्ध काका वर्षानुवर्षं फॉरवर्ड पाठवत होते ते काकांच्याच बाजूला येऊन बसले आणि पुतण्या ज्यांची बाजू घेत होता ते त्याच्या हातून गेले. त्या दुपारी दोन्हीकडे अशी शांतता होती की मला वाटलं नेट गेलंय. संध्याकाळपर्यंत नवा माल पोहोचला. काकांकडे ‘मास्टरस्ट्रोक’, पुतण्याकडे ‘आम्हाला हे आधीच माहीत होतं’. दोघांनी जुनी वाक्यं एकमेकांना देऊन टाकली. अबोला तेवढा कुणी बदलला नाही.

पूर्वी सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं मुळीच नाही. टिळक-आगरकरांनी १८८१ मध्ये ‘केसरी’ बरोबरीने काढला, कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबरीने काढले आणि पुढे समाजसुधारणेवरून असं फाटलं की १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. म्हणजे ट्रोलिंग आपल्याकडे जुनंच. फक्त तेव्हा तिरडीला खांदा द्यायला स्वतः घराबाहेर पडावं लागे. पण ‘सुधारक’ला शिव्या द्यायच्या तर निदान तो वाचावा तरी लागायचा.

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये अगदी परवापरवापर्यंत एकच पेपर यायचा. त्याची पानं सुटी करून बाकावर वाटली जायची आणि अग्रलेखाचं पान कुणी आधी घ्यायचं यावरून कुरबूर व्हायची. मग वाद. तोंडाला फेस लावलेला माणूससुद्धा आरशातून मागच्याला उत्तर द्यायचा. आता त्याच बाकावर चौघं चार फोन घेऊन बसतात. एकाची बातमी दुसऱ्याने ऐकलेलीच नसते, म्हणून वादच होत नाही. सलूनवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘शांतता आहे हो, पण गिऱ्हाईक टिकत नाही. पूर्वी दाढी झाली तरी अर्धा तास बसायचे.’’

नेत्यांचा समेट झाला की खाती वाटली जातात. काका-पुतण्याला समेटातून मिळण्यासारखं काही नाही. फार तर श्रीखंडाची वाटी. तरी दोघांना एक विनंती आहे. येत्या पाडव्याला पुतण्याने काकांकडे जावं, काकांनी ‘‘ये रे’’ म्हणावं आणि दोघांचेही फोन काकूंनी जेवणं होईपर्यंत फ्रिजवर ठेवावेत.