नग शून्य

कोबेत मोती पिकत नाहीत. ते पिकतात मिए आणि एहिमेच्या खाड्यांत. इथं येतात ते निवडायला, भोक पाडून ओवायला आणि विकायला. रोक्को डोंगराकडून येणाऱ्या उत्तरेच्या मऊ उजेडात मोत्याची छटा खरी दिसते, असं इथले व्यापारी सांगतात. कितानोत स्थिरावलेले आमचे गुजराती शेठ त्यांतलेच. मोम्मेत, म्हणजे पावणेचार ग्रॅमच्या मापात माल तोलणार, आणि नियम एकच: एक माळ, एक पुडी, एक नंबर. पेढीवर मी एकटाच मराठी, आणि का कोण जाणे, म्हणून संगणकतज्ज्ञ.

पेढीचं ऑनलाइन दुकान तेव्हा स्थिर पानांचं होतं. चाळीसएक माळा, प्रत्येकीचं हातानं रचलेलं पान. गुगलला ती पानं बिनबोभाट सापडत. पण कोबेतच जन्मलेल्या हिरोशी मिकितानींनी १९९७ मध्ये १३ दुकानांवर राकुतेनचा बाजार उभा केला, मग माझ्या हाताशी तर चाळीस माळा!

मी डेटाबेस बसवला, फिल्टर लावले. सात आकार, पाच छटा, चार घाट, चार प्रतींची चकाकी: झाली ५६० पानं. त्यावर 'स्वस्त आधी', 'महाग आधी', 'नवं आधी': १,६८०. शिवाय येणाऱ्या प्रत्येकाला पत्त्यात वेगळा सेशन क्रमांक, म्हणजे मोजदादच संपली. गुगलचा रोबो बिचारा रात्रभर हिंडे आणि त्याच त्या माळा बघून जाई.

मग मला कुणीतरी पटवलं की पत्त्यातली प्रश्नचिन्हं गुगलला खपत नाहीत. कुणीतरी म्हणजे मीच. वास्तविक गुगलनं २००८ मध्येच लिहून ठेवलंय: बदलत्या पानांचे पत्ते आम्हाला वाचता येतात, त्यांना उगीच स्थिर पानांचं सोंग देऊ नका, पत्त्यातलं कामाचं काय आणि फुकाचं काय, हे त्यानं उलट झाकलं जातं. पण मी पडलो कुडाळचा, दशावतार बघत वाढलेला. सगळ्या पत्त्यांना रंग फासला.

२००९ पासून यावर साधा उतारा आहे, कॅनॉनिकल टॅग: सारख्या दिसणाऱ्या पानांनी आपलं मूळ पान कोणतं ते सांगायचं. मी एकच ओळ सगळीकडे डकवली, तीही मुखपृष्ठाच्या पत्त्याची. प्रत्येक माळ गुगलला सांगू लागली, 'माझं काही नाही हो, पुढच्या दाराशी विचारा.' गुगलनं ऐकलं. माळा गायब. डोंबिवलीहून मावशीचा फोन आला, "अरे, सुनेला दाखवायला शोधत होते. बुडालं की काय रे तुमचं दुकान?"

एक पान मात्र तगलं. रिकाम्या निकालांचा साचा वेगळा होता, तिथं ओळ डकवायची राहिली होती. 'साडेआठ मिलिमीटर, निळसर, वेडावाकडा घाट: नग शून्य.' ते वाचून ओसाकाहून एक बाई थेट पेढीवर आल्या, नेमकी तीच माळ मागायला.

शेठनी त्यांना चहा पाजला, नाव लिहून घेतलं आणि जिन्यापर्यंत पोचवून आले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "असलेल्या मालाला गिऱ्हाईक नाही, नसलेल्याला आणलंस!" लगेच एहिमेला फोन लावून निळसर, वेड्यावाकड्या मोत्यांचा भाव विचारला, आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला बजावलं, "ते पान तेवढं काढू नको."