श्रद्धा, सबुरी आणि पाकिटाची किंमत

मृग नक्षत्र लागण्यास दोन दिवसांचा अवकाश असताना, राहुरीच्या कृषी विद्यापीठासमोर नगर-मनमाड रस्त्याची धूळ अहोरात्र अंगावर घेणाऱ्या एका चहाच्या हॉटेलात एक सेवानिवृत्त शास्त्रज्ञ, एका खासगी बियाणे कंपनीचे तरुण प्रतिनिधी आणि पाथर्डीकडचे एक जिराईतदार असे तिघे, बाकडे एकच असल्यामुळे आणि केवळ त्याच कारणाने, शेजारी शेजारी बसले होते.

प्रतिनिधी : सर, आपला मान राखून बोलतो, पण संशोधन हे सरकारचे कामच नव्हे. जेथे सूक्ष्मदर्शकाच्या एका काचेसाठी तीन निविदा नि पाच सह्या लागतात, तेथे रोगावरचा इलाज सापडेपर्यंत रोगही पेन्शनीत निघतो.

शास्त्रज्ञ : रोग पेन्शनीत निघत नाही, महाशय. 1965 साली पहिली संकरित बाजरी आली, आणि पुढच्या दशकाच्या आरंभीच तिच्या भावंडांवर केवडा असा कोसळला की...

जिराईतदार : गोसावी म्हणा, साहेब. कणसात दाणा भरायचा तिथं हिरव्या पानांच्या जटा सुटायच्या. आमचे वडील म्हणायचे, पेरली बाजरी अन् उगवला आखाडा!

शास्त्रज्ञ : त्या गोसाव्याला पुरून उरणारे वंश शोधण्यासाठी, जाणूनबुजून रोगट केलेल्या वाफ्यांत हजारो ओळी पेराव्या लागतात, वाचतील तेवढ्याच पुढच्या साली पेराव्या लागतात, आणि हा क्रम नफ्यातोट्याचा ताळेबंद न मांडता वर्षानुवर्षे चालवावा लागतो. एवढी सबुरी कोणत्या भागधारकाच्या अंगी असते? इथले ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ हे बाजरीचे संकरित वाण विद्यापीठाचेच आहेत!

जिराईतदार : नावं ऐकली तेव्हाच समजलो. श्रद्धा बियाण्यावर ठेवायची अन् सबुरी गोदामावर.

प्रतिनिधी : पाहा! एका तालुक्यात, नाव घेत नाही, गोदामाचे कुलूप आर्द्रा लागल्यावर उघडले, कारण किल्ली ज्यांच्या ताब्यात होती ते प्रशिक्षणास गेले होते. आमचा ट्रक रोहिण्यांतच गावात उभा असतो. आणि कर्तबगारीच म्हणाल तर जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली कंपनी काढली, ती काय सरकारी तरतुदीची वाट पाहून? 1998 साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले त्यांना.

शास्त्रज्ञ : बारवाल्यांना माझा नमस्कार. परंतु जगात प्रथम शेतकऱ्याच्या शेतात गेलेला संकरित कापूस 1970 साली सुरतेच्या सरकारी केंद्रातून निघाला. आणि तुमच्या ट्रकातल्या बाजरीचे आईबाप कोण? पाटणचेरूची इक्रिसॅट! ती नफ्यासाठी चालणारी संस्था नव्हे.

प्रतिनिधी : फुकट नेत नाही, सर. 2000 सालापासून कंपन्या संघ करून त्या संस्थेला वर्गणी भरतात.

शास्त्रज्ञ : बरे झाले आठवण दिलीत. मग उसाला वर्गणी का भरत नाही? या जिल्ह्यात 1950 साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, कालवे झाले, साखर झाली. को 86032 हा वाण कोईमतूरच्या सरकारी संस्थेने काढला आणि पाडेगावच्या केंद्राने ‘नीरा’ म्हणून शिफारसला. त्यात तुमची एकही कंपनी का उतरत नाही, याचा खुलासा व्हावा.

प्रतिनिधी : (जरा ओशाळून) उसाच्या टिपरीला पाकीट कसे शिवणार, सर? एकाने नेली की पुढच्या साली सारा शिवार तिच्याखाली.

जिराईतदार : आता आलं ध्यानात. माझ्या कणगीत ‘विजय’ हरभरा आहे, विद्यापीठाचाच. कडुलिंबाचा पाला घालून ठेवतो, अकरा वर्षं तोच पेरतोय. एकदाही कुणी कंपनीवाला दारात आला नाही. बाजरीला अन् कपाशीला मात्र दरसाल येतात, चहा पाजतात.

प्रतिनिधी : संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत झाडे उंच-बुटकी निघतात, पाटील. ते निसर्गाचे विधान आहे.

जिराईतदार : निसर्गाचं असेल, पण फायदा तुमचाच बघतो.

शास्त्रज्ञ : तरीच म्हणतो, संशोधन सरकारी खजिन्यातून व्हावे.

प्रतिनिधी : आणि खजिना कोणाचा? लोकांचा! आम्ही निदान स्वतःच्या पैशाने धोका पत्करतो.

जिराईतदार : स्वतःच्या? बीटी कपाशीचं 450 ग्रॅमचं पाकीट 1600 च्या घरात होतं; आंध्राचं सरकार भांडलं, तेव्हा 2006 साली 750 ला आलं. मधले कुणाच्या कोपरीतून जात होते? अन् साहेब, तुमच्या खजिन्यात मी आगपेटी घेतो त्यातलाही वाटा आहे. तुम्ही दोघं भांडा, पण खिसा एकच आहे, तेवढा फाडू नका.

(हॉटेलवाला हिशेब मागतो. शास्त्रज्ञ चष्मा शोधू लागतात. प्रतिनिधी शिक्क्याची पावती मिळेल का विचारतो. हॉटेलवाल्याकडे शिक्का नसतो, पावतीही नसते.)

जिराईतदार : (कोपरीच्या खिशातून नोट काढत) तीन चहा. अन् साखर लई झाली रे!

शास्त्रज्ञ : (एकदम खुलून) को 86032 ची असणार. साखरेचा उताराच तसा आहे!

प्रतिनिधी : उताऱ्याचे श्रेय कारखान्याचे, सर.

जिराईतदार : (उरलेली चिल्लर मोजत) बाजरी कुठली घेऊ, तेवढं कुणीतरी सांगा बाबांनो, पाथर्डीची गाडी लागलीय.