ज्यांची डाळ शिजली असेल त्यांनी...

अभ्यास कसा करावा, या विषयाचा माझ्याइतका सखोल अभ्यास पुण्याच्या पेठांत फार थोड्यांनी केला असेल. पहाटेचा अभ्यास, रात्रीचा अभ्यास, गटाने करायचा, एकट्याने करायचा, गच्चीवर येरझारा घालत करायचा, सगळे प्रकार मी कसून तपासले. राज्यसेवेचा अभ्यासक्रम बघायचा तेवढा राहिला.

स्पर्धा परीक्षेसाठी गावाकडून आलेला मुलगा आल्या आल्या तीन कामं करतो. कॉट बेसिसवर खोली बघतो, मेस लावतो आणि अभ्यासिकेत जागा धरतो. मी चौथंही केलं. ड्रॉइंगचा मोठा कागद आणून वेळापत्रक आखलं. पहाटे ४ ते ६ इतिहास, ६ ते ८ राज्यव्यवस्था, मग १५ मिनिटांत आंघोळ, चहा आणि पेपर, की लगेच अर्थशास्त्र. प्रत्येक विषयाला वेगळा रंग. कागद भिंतीवर लावला तेव्हा घरमालकीण काकू मुद्दाम बघायला आल्या. "छान आहे हो," म्हणाल्या, "रांगोळीचं आहे का?"

वेळापत्रकात मेसच्या रांगेत उभं राहायला वेळ ठेवलेला नव्हता. पहिल्याच दुपारी भूगोल रांगेत गेला. तो रात्री बसवायचा म्हणून विज्ञान हललं, विज्ञान हललं म्हणून झोप हलली आणि झोप हलली म्हणून पहाटेचा इतिहास पांघरुणातच झाला. संध्याकाळी सुधारित वेळापत्रक करायला बसलो. हे काम इतकं मन लावून करावं लागे की आपण अभ्यासच करतोय अशी खात्री पटे. मग दुसरी सुधारणा, तिसरी सुधारणा. राज्यघटनेत दुरुस्ती करायची तर संसदेला ३६८व्या कलमाची सगळी प्रक्रिया पार पाडावी लागते. मला फक्त खोडरबर लागे.

माझा रूममेट बार्शीचा. त्याच्याकडे वेळापत्रक नव्हतं. एक लांबुडकी वही, शाळेची पाठ्यपुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, एवढाच त्याचा संसार. तो एक प्रकरण वाचायचा, पुस्तक मिटायचा आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसायचा. मध्येच अडायचा, कपाळावर हात मारायचा, पुस्तक उघडून खात्री करायचा, पुन्हा मिटायचा. बिचाऱ्याच्या काही लक्षात राहत नाही, असं वाटून मला त्याची कणव येई. माझं तसं नव्हतं. मी एकेक पान चार-चार वेळा वाचत असे आणि चौथ्या वाचनात मला कुठेही अडत नसे.

शिवाय माझ्याकडे हायलायटर होते. लक्ष्मीकांतांच्या राज्यव्यवस्थेवरच्या जाडजूड पुस्तकात मी महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, फार महत्त्वाच्या गुलाबी केल्या आणि 'हे येणारच' त्या हिरव्या. मूलभूत हक्कांपर्यंत पोहोचलो तेव्हा सगळंच येणार, असं दिसू लागलं. पुढे हे पुस्तक अप्पा बळवंत चौकात जुन्यात विकायला नेलं, तर दुकानदाराने पानं फर्रकन उलटली आणि विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

त्याच सुमारास पोमोदोरो तंत्राची माहिती हाती लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. त्याने टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर समोर ठेवला आणि तो वाजेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती आणि अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. मोबाइलमध्ये टायमर होताच, पण मूळ पद्धतीशी तडजोड करणारा मी नव्हे. तुळशीबाग पालथी घातली. टोमॅटो मिळाला नाही, सफरचंद मिळालं.

अभ्यासिकेत कुणी पिशवी चुरगाळली तरी चार चष्मे वळून बघतात. तिथे मी सफरचंदाला पीळ देऊन ते टेबलावर ठेवलं आणि पंचवार्षिक योजनांना हात घातला. सफरचंद टिकटिकू लागलं. पहिल्या योजनेला समोरची मान वर आली. दुसरीला शेजारच्याने घसा खाकरला. मी ते रुमालात गुंडाळलं, मग सॅकमध्ये कोंबलं, वर स्वेटर दाबला. आता मला टिकटिक ऐकू येईना, म्हणून ते चालू आहे की बंद पडलं याची काळजी लागली. दर दोन मिनिटांनी मी सॅकला कान लावू लागलो. २५ मिनिटं भरली आणि सॅक घणघणली. चेन स्वेटरच्या लोकरीत अडकली. मी ती ओढतोय, सॅक वाजतेय, सगळी अभ्यासिका उभी राहून बघतेय. शेवटी सॅक पोटाशी धरून जिना उतरलो, तेव्हा कुठे आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर टाचणीने लावलेली चिठ्ठी होती. अक्षर सुवाच्य, समास सोडलेला. "ज्यांची डाळ शिजली असेल त्यांनी कृपया गॅस बंद करून बाहेर जावे."

तंत्रात खोट नव्हती. २५ मिनिटं मोबाइल न बघता बसणं हेच मोठं काम आहे. पण माझी ५ मिनिटांची विश्रांती टपरीवर होत असे. तिथे यंदा जागा किती निघणार, कट-ऑफ कितीवर थांबणार आणि परीक्षा पुढे जाणार का, हे तीन राष्ट्रीय प्रश्न कायम चर्चेला असत. ते सुटल्याशिवाय परत यायचं कसं?

एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मी मोठ्या हौसेने नाव दिलं. पहाटे ६ ते रात्री १२. माझ्या आजूबाजूला अनेकजण खरोखरच वाचत होते. मी दुपारच्या जेवणानंतर एकच पान इतका वेळ धरून ठेवलं, की पाणी वाटणाऱ्या मुलाने पान उलटून दिलं. मध्यरात्री खोलीवर येऊन रूममेटला अभिमानाने म्हणालो, "अठरा तास बसलो." तो मच्छरदाणीतून म्हणाला, "बसला किती ते ऱ्हाऊ दे, आलं काय ते सांग की." त्याला अशा उपक्रमांचं महत्त्वच कळत नाही, असं म्हणून मी झोपलो.

मग आली लाइटनर पद्धत. झेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ती मांडली. छोट्या कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात जातं आणि जास्त दिवसांनी समोर येतं. चुकलं की परत पहिल्या खोक्यात. पद्धत उत्तम. मी पेढ्यांची रिकामी खोकी जमवली, त्यांना कागद चिकटवला, क्रमांक घातले, कार्डं एका मापात कापली, कोपरे गोल केले. प्रश्न लिहून झाले, तोवर पावसाळा आला आणि खोक्यांना मुंग्या लागल्या. त्या सगळ्या पहिल्या खोक्यात होत्या, कारण कार्डं तिथेच होती.

या सगळ्याचा निकाल एका सराव परीक्षेत लागला. प्रश्न साधा होता. राष्ट्रीय आणीबाणीच्या घोषणेला संसदेची मंजुरी किती काळात मिळावी लागते? पर्याय चार: १५ दिवस, एक महिना, दोन महिने, सहा महिने. प्रश्न बघताच मला हर्ष झाला. ते पान माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. डावीकडचं पान, खालून तिसरी ओळ, गुलाबी रंग, शेजारी चहाचा गोल डाग. सगळं लख्ख दिसत होतं. फक्त त्या ओळीत काय लिहिलंय ते दिसत नव्हतं, आणि पर्यायांत 'गुलाबी' नव्हतं. मी 'दोन महिने' भरलं. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीपूर्वी मी बरोबर ठरलो असतो.

खोलीवर येऊन रूममेटला विचारलं. त्याने भिंतीकडे तोंडही केलं नाही. "एक महिना. दोन महिने ते राष्ट्रपती राजवटीचं, तीनशे छप्पन्न."

नंतर कळलं की त्या पुटपुटण्यावर रीतसर संशोधन झालेलं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाची दहा तंत्रं तपासली. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवस सोडून थोडा थोडा करणं ही दोन सर्वांत उपयोगी निघाली. तेच ते पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं यांना तळाची जागा मिळाली. माझी सगळी गुंतवणूक तिथेच होती.

कारणही सरळ आहे. चौथ्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला ते येतं, असा समज होतो. लक्ष्मी रोडवर समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा अगदी ओळखीचा असतो, आपण हसून हातही हलवतो आणि नाव मात्र काही केल्या आठवत नाही. परीक्षेत चेहऱ्याला गुण नसतात, नाव लिहावं लागतं. पुस्तक मिटून आठवताना जे अडतं, डोकं खाजवावं लागतं, अपमान वाटतो, तोच खरा अभ्यास. वाचताना कुठेच अडत नसेल तर ती करमणूक आहे.

माझा रूममेट आज एका तालुक्याच्या गावी नायब तहसीलदार आहे. मी विनोदी लेख लिहितो.

तेव्हा परीक्षार्थी मित्रांनो, पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. अडेल तेवढंच उघडून बघा. तीन दिवसांनी पुन्हा लिहा, आठवड्याने पुन्हा. जुन्या प्रश्नपत्रिका शेवटी 'वेळ मिळाला तर' सोडवायला ठेवू नका, पहिल्या दिवसापासून सोडवा. वेळापत्रक एकदाच करा, एकाच रंगात करा आणि त्यात मेसची रांग धरा. आणि हा लेख वाचण्यात गेलेला वेळ 'अभ्यास' या रकान्यात भरू नका.