अठराशे बेचाळीस आक्षेप

प्रत्येक खानदानात एक कॉम्प्युटरवाला असतो. त्याने कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं असावं अशी अट नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. पण फार पूर्वी कोणाच्या तरी मुंजीच्या गडबडीत प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता ओढून काढला, आणि ती कीर्ती सातारा, सांगली, कोल्हापूर अशी तीन जिल्ह्यांत पसरली. तेव्हापासून नात्यातल्या कुठल्याही घरी गेलो की चहाची बशी खाली ठेवायच्या आत वाक्य येतं : "आलाच आहेस तर जरा बघतोस का?"

साताऱ्याच्या मामांनी मात्र येण्याची वाट पाहिली नाही. त्यांचा फोनच आला. "तपासणीत अठराशे बेचाळीस आक्षेप निघालेत. ताबडतोब ये."

मामा स्थानिक निधी लेखापरीक्षेतून निवृत्त झाले. हयातभर त्यांनी ग्रामपंचायतींची आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासली, हरवलेली प्रमाणकं शोधली आणि कोरड्या विहिरींवर झालेल्या गाळउपशाच्या खर्चाला लाल शाईने खुणा केल्या. अठराशे बेचाळीस या आकड्याने ते घाबरले असतील असं मला वाटलं होतं. पोचलो तेव्हा ते घाबरलेले अजिबात नव्हते, भारावलेले होते. "एका बैठकीत, अवघ्या चाळीस सेकंदांत अठराशे बेचाळीस! आमच्या अख्ख्या पथकाला वर्षात एवढे निघत नसत."

कॉम्प्युटर देवघराशेजारच्या कोनाड्यात, मामींनी शिवलेल्या झालरीच्या कव्हराखाली. कॅबिनेटवर दसऱ्याचं झेंडूचं फूल वाळून चिकटलेलं. कव्हर उचललं तर पडद्यावर एक भलीमोठी खिडकी, तिच्यात लाल ढाल, ढालीशेजारी मोटारीच्या वेगाच्या काट्यासारखा काटा, तोही लालात. खाली तपशील : रजिस्ट्री १,२०६, जंक फाइल ५७१, प्रायव्हसी ६५. बेरीज बरोबर होती. मामांनी ती आधीच वहीत ताडून पाहिली होती. त्याखाली एक धडधडणारं बटण : सगळं दुरुस्त करा, ३,९९९ वर काट मारून फक्त १,४९९ रुपये.

हे बनावट सफाईचं सॉफ्टवेअर. याची कला बारकाईने बघण्यासारखी आहे, कारण यात धादांत खोटं फार थोडं असतं. विंडोजकडे रजिस्ट्री नावाची एक अवाढव्य नोंदवही असते. कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, कोणती फाइल कशाने उघडायची, सगळं तीत. एखादा प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या चारदोन नोंदी मागे राहतात. त्या कोणाला खात नाहीत, पीत नाहीत, कॉम्प्युटर हळूही करत नाहीत. रजिस्ट्री साफ करणारी असली साधनं वापरू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. जंक म्हणजे ब्राउझरने सोयीसाठी साठवलेली चित्रं. प्रायव्हसी म्हणजे कुकी. ज्या घरात माणसं राहतात तिथे एवढा पसारा असायचाच. दुकानातून कोरा कॉम्प्युटर आणून त्यावर हे सॉफ्टवेअर चालवलं तरी पाचपन्नास 'गंभीर' त्रुटी ते काढून दाखवील.

मामांना हे पटेना. एवढा तपशील देणारा खोटं कशाला बोलेल? म्हणून मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. ऑफिस डेपो ही तिथली मोठी दुकानांची साखळी. तिच्या दुकानांत कॉम्प्युटरची मोफत 'आरोग्य तपासणी' करून मिळायची, आणि ते सॉफ्टवेअर होतं सपोर्ट डॉट कॉम या कंपनीचं. सुरुवातीला गिऱ्हाइकाला चार साधे प्रश्न : मशीन हळू चालतं का, बंद पडतं का, व्हायरसच्या सूचना येतात का, जाहिराती उगवतात का. यातल्या एकाही चौकटीत खूण झाली, की तपासणीत काहीही सापडो न सापडो, अहवालात व्हायरसची शक्यता यायचीच, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. मग दुरुस्तीपोटी गिऱ्हाइकाकडून शेकडो डॉलर. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

मामा सावरून बसले. "म्हणजे तपासणीच्या आधीच अहवाल तयार?"

"हो."

"तसं आमच्याकडेही व्हायचं म्हणा. पण आमच्याकडे आधी तयार असायचा तो 'आक्षेप नाहीत' असा."

याहून जुनी आणि रांगडी जात म्हणजे बनावट अँटिव्हायरस. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही नावं आठवत असतील तर तुमचंही वय झालं. इंटरनेटवर साधी जाहिरात म्हणून यायची आणि पडद्यावर तपासणीचं नाटक सुरू करायची. कॉम्प्युटरला हातही न लावता त्यात डझनभर व्हायरस 'सापडायचे'. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. यांमागच्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीवर त्याच अमेरिकन कमिशनने २००८ मध्ये खटला भरला. दहा लाखांवर लोक फसले होते. २०१२ मध्ये कोर्टाने त्यातल्या एका आरोपीला सोळा कोटी तीस लाख डॉलर भरायला सांगितले. हा आकडा मात्र मामांनी वहीत उतरवून घेतला. "वसुली झाली का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. आयुष्य गेलं त्या खात्यात.

आता हा पाहुणा घरात आला कसा? 'प्रोग्रॅम काढा' या यादीत तारखेनुसार क्रम लावला की सगळी कुंडली समोर येते. एकाच दुपारी, दहा मिनिटांच्या आत, पाच जणांनी गृहप्रवेश केला होता : एक व्हिडिओ प्लेअर, एक हवामान दाखवणारा, एक कुपनं शोधणारा, ब्राउझरला चिकटणारी एक पट्टी आणि हे सफाई खातं. मामा त्या दुपारी करत होते ते अत्यंत पुण्याचं काम. घराण्याचा कुलवृत्तांत. त्यासाठी त्यांना मराठी फाँट हवा होता, फुकट. ज्या पानावर तो होता तिथे 'डाउनलोड' असं लिहिलेली तीन मोठी हिरवी बटणं होती आणि तिन्ही जाहिराती. खरा फाँट कोपऱ्यात बारीक निळ्या अक्षरांत बसलेला. मामांनी सर्वांत मोठं बटण निवडलं. मग एकामागून एक खिडक्या, प्रत्येकीत आधीच खूण केलेल्या चौकटी आणि खाली 'नेक्स्ट'. ज्या माणसाने तीस वर्षं फायलींवर 'पुढील कार्यवाहीस्तव सादर' लिहिलं, त्याच्यापुढे 'पुढे' असं बटण ठेवल्यावर तो दुसरं काय करणार?

पहिलं काम म्हणजे इंटरनेट तोडणं. राऊटरची वायर काढली तशी स्वयंपाकघरातून मामी आल्या, हातात मोबाइल आणि मोबाइलवर अर्ध्यात थिजलेली मालिका. "अरे, आत्ताच ती खरं सांगणार होती!" कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत घरातल्या एकाला तरी शिक्षा होतेच.

मग हकालपट्टी. चौघे निमूट गेले. सफाई खात्याने मात्र गळा काढला. आधी विचारलं, तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित सोडायची खरंच इच्छा आहे का? खाली हिरवं ठसठशीत बटण : संरक्षण चालू ठेवा. त्याच्या पायाशी, करड्यावर करड्या अक्षरांत : तरीही काढा. ते दाबलं तर नवी खिडकी. साठ टक्के सूट. मामांचा हात नकळत माझ्या मनगटावर आला. "साठ टक्के आहे रे." तेही नाकारलं तर का जाता याचं कारण लिहायला कागद. शेवटी एकदाचं ते गेलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, आणि ये रे माझ्या मागल्या! लाल ढाल पुन्हा हजर, तपासणी सुरू.

ही त्यांची पुढची पायरी. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर म्हणून एक वेळापत्रक असतं. पाहुणा जाताना तिथे एक नोंद ठेवून जातो, दर वेळी मशीन सुरू झालं की मला परत बोलाव. नोंदीचं नाव अगदी सभ्य, 'अपडेट सर्व्हिस' वगैरे. ती नोंद काढली, मग शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं, सेफ मोडमध्ये गेलो. तिथे विंडोज फक्त निकडीची मंडळी घेऊन उठतं, हे फुकटे बाहेरच राहतात. तिथून सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी चाळली, फोल्डर उडवला. हे तसं सोपं झालं. पूर्वीचे बनावट अँटिव्हायरस टास्क मॅनेजरसुद्धा उघडू देत नसत. जो प्रोग्रॅम उघडाल त्यालाच व्हायरस लागलाय म्हणून बंद पाडत. त्यांचा चालू कारभार थांबवायला आरकिल नावाचं एक छोटं साधन होतं, आणि ते ओळखू येऊ नये म्हणून वेगवेगळ्या नावांनी मिळायचं, अगदी इंटरनेट एक्स्प्लोररच्या नावानेसुद्धा. हे ऐकून मामा खूश झाले. "अचानक तपासणीला जाताना आम्हीही जीपवरची पाटी झाकायचो."

यानंतर राऊटर पुन्हा जोडला, तरी उजव्या कोपऱ्यात खालून दर दोन मिनिटांनी एक चिठ्ठी वर येत होती : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस. हिचा सॉफ्टवेअरशी संबंधच नव्हता. ती ब्राउझरची सूचना होती. कुठल्याशा पानाने मामांना सांगितलं होतं, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा. मामांनी दाबलं. "निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी हयात असल्याचा दाखला देतो. इथे नुसतं माणूस असल्याचा मागत होते. म्हटलं देऊ." ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचनांच्या यादीतून ते पान काढल्याबरोबर पाचही व्हायरस एकदम बरे झाले.

तेवढ्यात मामी सहज म्हणाल्या, "त्या फोनवाल्याचं सांगितलंत का याला?"

मामांनी वहीची पानं उगाच उलटली.

झालं होतं असं. लाल खिडकीत एक मदतीचा नंबर होता. मामांनी लावला. पलीकडचा अतिशय नम्र. त्याने मामांकडून इव्हेंट व्ह्यूअर उघडवून घेतला आणि तिथल्या लाल खुणा मोजायला लावल्या. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजनिशी. कुठल्याही धडधाकट मशीनच्या रोजनिशीत रोज पाचपन्नास लाल-पिवळ्या नोंदी असतात, प्रिंटर सापडला नाही, अमुक सेवा उशिरा उठली. मामांनी त्या दोनदा मोजल्या. मग त्याने एक ॲप उतरवायला सांगितलं, म्हणजे त्याला तिथूनच मामांचं मशीन हाताळता येईल. आणि कार्डाचा नंबर. मामांनी दोन्ही दिलं. ओटीपी मात्र मामींच्या मोबाइलवर गेला, आणि मामींनी तो पाहिला तो थेट मालिका संपल्यावर. तोवर त्याची मुदत संपली होती. नम्र माणूस शेवटी चिडला आणि त्याने फोन आपटला. मराठी मालिकांच्या लांबीवर मी यापुढे टीका करणार नाही.

इथे मात्र मी गंमत थांबवली. ते ॲप काढलं, माझ्या मोबाइलवरून मामांचे पासवर्ड बदलले, कार्ड बंद करायला बँकेला फोन लावला. पैसे गेले असते तर त्याच घटकेला १९३० वर तक्रार, हेही मामांनी वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलं.

"मग आता सफाईसाठी चांगलं कुठलं टाकायचं?" वही मिटत मामांनी विचारलं. कुठलंच नको, असं मी म्हणालो. सीक्लीनर हे तर या धंद्यातलं नाणावलेलं, खरंखुरं नाव. २०१७ मध्ये त्याच्याच अधिकृत आवृत्तीत कोणी तरी व्हायरस घुसवला आणि बावीस लाखांवर कॉम्प्युटरांत तो राजरोस जाऊन बसला. कुंपणानेच शेत खाल्लं. पण मामांना काहीच न टाकणं हा प्रकार मंजूर नव्हता. तेव्हा मी केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र पुढे केलं. २०१७ पासून ते व्हायरस काढायची साधनं फुकट देतं. केंद्र सरकार म्हटल्यावर मामांचा चेहरा उजळला. त्यातलं एक साधन क्विक हीलचं, आणि ती कंपनी काढणारे काटकर बंधू मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातले, थोरल्याचं आधी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं, हे सांगितल्यावर तर त्यांनी मामींना हाक मारून पुन्हा ऐकवलं. "कॅल्क्युलेटर! म्हणजे हिशेबाचीच माणसं."

ते चालवलं. ॲडवेअर काढणारं आणखी एक चालवलं, त्याने एकतीस वस्तू पकडून दिल्या. शेवटी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, पूर्ण तपासणी. तासभर लागला. तोवर मालिकेतल्या बाईने खरं सांगितलं. मग पडद्यावर बारीक काळ्या अक्षरांत एक ओळ आली : आढळलेले धोके, शून्य. ढाल नाही, काटा नाही.

मामांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "शून्य? तासभर बसून शून्य? याने नीट तपासलंच नाही."

"मामा, काही नाहीच आता."

"अठराशे बेचाळीस होते. तू काढलेस एकतीस. बाकी अठराशे अकरा कुठे गेले?"

"ते एकतीस त्यांतले नव्हतेच. अठराशे बेचाळीस ज्याने काढले, त्याचे होते."

"म्हणजे तू आक्षेप तसेच ठेवलेस आणि लेखापरीक्षक काढलास."

याला उत्तर नव्हतं. मामांनी वही माझ्यापुढे सरकवली, लाल पेन काढून घेतलं, निळं दिलं. अनुपालन लेखी हवं होतं. मी लिहिलं : 'सदर १,८४२ आक्षेप मुळातच वस्तुस्थितीला धरून नसल्याने अनुपालनाचा प्रश्न उद्भवत नाही.' खाली सही, तारीख.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "एका ग्रामसेवकाने मला हेच उत्तर दिलं होतं. जवळजवळ याच शब्दांत."

"मग?"

"मग काय? वसुली लावली त्याच्यावर."