काळा कोट आणि कलम ८०

भारतीय संविधानाच्या कलम ८० नुसार राष्ट्रपती राज्यसभेवर बारा सदस्य नामनियुक्त करतात, आणि त्यांना साहित्य, विज्ञान, कला किंवा समाजसेवा यांपैकी एखाद्या क्षेत्राचे विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव असावा, अशी अट आहे. या यादीत वकिलीचा उल्लेख नाही. घटना समितीत नामांकित वकिलांचा एवढा भरणा असताना त्यांना नेमका आपलाच व्यवसाय कसा आठवला नाही, याचा उलगडा एकाच प्रकारे होतो: वकिलासाठी वेगळे दार ठेवण्याची गरज नाही, तो कोणत्याही दारातून आत येतोच, याची त्यांना खात्री असावी. जुलै २०२५ मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांची राज्यसभेवर नामनियुक्ती झाली आणि ही खात्री सार्थ ठरली.

वकिलाने राष्ट्रीय राजकारणात जाण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे, आणि पूर्वी तिची वाट लंडनहून जात असे. तेथील चार ‘इन्स’पैकी एका संस्थेतून ज्याला उच्च न्यायालयात वकिली करण्याची सनद मिळे तो बॅरिस्टर, आणि ही उपाधी नावाआधी एकदा लागली की ती मतदारयादीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सर्वत्र सोबत करी. डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होते, राजापूरमधून तीनदा लोकसभेवर गेलेले नाथ पै बॅरिस्टर होते, आणि जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अंतुले पायउतार झाल्यावर मुख्यमंत्रिपदासाठी पुन्हा एक बॅरिस्टर, बाबासाहेब भोसले, शोधून काढण्यात आले. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने सर्वांना एकाच पंगतीत बसवून उपाधीचे व्यावहारिक महत्त्व संपवले. राजकारणाला मात्र काळ्या कोटाची हौस उरलीच. निकमांच्या वाट्याला आलेला, लोकसभेत पराभव आणि मग राज्यसभा, हा क्रमही नवा नाही; १९५२ मध्ये आंबेडकर मुंबईत पराभूत झाल्यावर राज्यसभेवर गेले, परंतु त्यासाठी त्यांना विधानसभेच्या आमदारांची मते मिळवावी लागली होती. हा टप्पा आता वगळता येतो, एवढीच काय ती प्रगती.

विशेष सरकारी वकील म्हणजे एखाद्या ठरावीक खटल्यासाठी शासनाने नेमलेला, किमान दहा वर्षे वकिली केलेला अधिवक्ता. जळगावच्या निकमांनी १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांपासून मुंबई हल्ल्यातील दहशतवादी कसाबपर्यंतचे खटले याच नात्याने चालवले. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याचे त्यांनी माध्यमांना सांगितले होते, आणि ती गोष्ट आपणच रचली होती, आरोपीविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूती मोडून काढण्यासाठी तसे करावे लागले, असे २०१५ मध्ये जयपूरला त्यांनीच जाहीर केले. राजकारणाची प्रवेशपरीक्षा असती, तर एवढ्या उत्तरावर पूर्ण गुण पडले असते. २०२४ मध्ये त्यांना उत्तर मध्य मुंबईची भाजपची उमेदवारी मिळाली ती पूनम महाजन यांचे तिकीट कापून. आणि पूनम यांचे वडील, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन, यांच्या खुनाचा खटला निकमांनीच चालवला होता. पक्षातील न्याय असा कुटुंबाच्या पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. मतदारांनी १६,५१४ मतांनी उलटा निकाल दिला, आणि उमेदवारीसाठी सोडलेले सरकारी खटले थोड्याच दिवसांत परत हाती आले. बिनपगारी रजा संपवून कर्मचाऱ्याने आपल्या टेबलावर यावे, तसे.

इथवरच्या कथेत बीड जिल्हा पाहुणा आहे; पुढे तो यजमान होतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामस्थ अन्नत्याग आंदोलनाला बसले, आणि त्यांच्या मागण्यांत निकमांची नियुक्ती ही एक मागणी होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे सांगणाऱ्या समाजातील एका गावाला चांगला वकील मिळावा म्हणून जेवण सोडावे लागते, यावरून जिल्ह्यातील इतर पायऱ्यांवर लोकांचा किती विश्वास उरला आहे, ते समजते. सरकारने मागणी तत्परतेने मान्य केली. ज्या माणसाला मुंबईने खासदार म्हणून नको म्हटले, त्याला बीडने वकील म्हणून उपाशी राहून मागितले; आणि दिल्लीने या दोन्ही निकालांचा अभ्यास करून नेमका मुंबईचा फिरवला.

बीडला वकील आणि खासदार यांतला फरक कळत नाही, असे समजण्याचे कारण नाही. या मतदारसंघाने १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेवर पाठवले, जे एकेकाळी तलाठी होते आणि ज्यांच्या साताऱ्यातील प्रतिसरकारने सनदेवाचून न्यायदान मंडळे चालवली होती. म्हणजे न्याय करणारा खासदार जिल्ह्याने पूर्वीच पाहिला आहे; आता खासदार झालेला न्यायाचा वकील पाहायचा आहे. अशा वकिलाची अडचण वेळेची कमी आणि निष्ठेची अधिक असते. तत्त्वतः सरकारी वकील न्यायालयाला सत्य शोधण्यात साहाय्य करणारा अधिकारी आहे, सरकारचा प्रतिनिधी म्हणून उभा असला तरी सरकारचा प्रचारक नव्हे. उलट नामनियुक्त सदस्य पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या पक्षात गेला, तर दहाव्या अनुसूचीनुसार त्या पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, त्याच्यावर बंधनकारक ठरतो. ज्या खटल्याच्या धगीने मार्च २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला आणि ज्या मंत्र्याचा पक्ष सत्तेत भागीदार आहे, त्याच खटल्यातील सरकारी वकिलाचा सन्मान सत्ताधाऱ्यांच्या शिफारशीने व्हावा, यात बेकायदेशीर काहीच नाही. बेकायदेशीर असते, तर निदान त्यावर वकील लावता आला असता.

नामनियुक्तीची वार्ता देताना पंतप्रधानांनी हिंदीत बोलू की मराठीत, असे विचारले आणि मग मराठीत संवाद साधला, असे निकमांनी सांगितले. हिंदी सक्तीचा वाद राज्यात नुकताच तापला असताना ही विचारणा सौजन्याचीच म्हटली पाहिजे. मस्साजोगला मात्र असा फोन येण्याची गरज नव्हती. त्याने आपली मागणी कोणत्या भाषेत करावी हा प्रश्न नव्हताच, आणि त्याने मागितले होते तेही राज्यसभेत मिळणारे नव्हते. तेव्हा कलम ८० च्या यादीत ‘सरकारी खटल्यांचा अनुभव’ हे पाचवे क्षेत्र घालावे, म्हणजे पुढील वेळी समाजसेवेच्या सदराखाली वकील शोधण्याचा त्रास वाचेल, आणि सरकारी वकिलाला निकालापूर्वीच आपले भवितव्य कळण्याची सोयही घटनात्मक होईल.